अंगठ्याआधीचा शब्द

मित्रांनो, मी एक जुने शाईचे पॅड आहे. पत्र्याची चपटी डबी आणि आत जांभळ्या शाईत भिजलेले कापड. १९९२ साली मला मुरबाड तालुक्यातल्या एका कचेरीत आणले. ज्यांना सही येत नसे, त्यांचा डावा अंगठा आधी माझ्यावर टेके, मग कागदावर. ठसे स्वच्छ उठत, म्हणून माझे कौतुक होई. त्या कागदावर काय लिहिले आहे, याचा विचार मी कधी केला नाही.

१९९९ च्या चैत्रात टोकावड्याकडच्या पाड्यावरची जिवली तक्रार घेऊन आली. ज्या झाडाखाली ती वर्षानुवर्षे मोहाची फुले वेचत होती, त्याला आता फार्महाऊसचे कुंपण घातले गेले होते. त्या सकाळी तिथल्या दोन रखवालदारांनी तिचा डावा हात पाठीमागे पिरगळून तिला फाटकाबाहेर काढले होते.

कारकुनाने लिहिलेले वाचून दाखवले, "रखवालदारांनी सदर महिलेस फाटकापर्यंत सोबत केली."

"सोबत?" जिवली म्हणाली. "सोबत मी माझ्या लेकीला, जनीला करते, म्हशाच्या जत्रंला जाताना. त्यांनी मना फरफटत नेली."

"अगो, कागदावर असंच लिवतात. अर्थ एकच. टेक अंगठा."

"एकच नाय, भाऊसाहेब. उठा, दाखवते."

तिने उजव्या हाताने त्याचे बखोट धरले आणि त्याला दारापर्यंत ओढत नेले. त्याची एक चप्पल टेबलाखालीच राहिली.

"अगो सोड! हात मोडशील!"

"आता घरी काय सांगाल? जिवलीनं सोबत केली?"

रांगेतली माणसे हसली. मला हसू आले नाही. तिचा सुजलेला दंड समोर दिसत असताना या माणसाने 'सोबत' लिहिले होते! पुढे तो कागद वाचणाऱ्याला त्यात गुन्हा दिसलाच नसता. आणि त्या खोट्याखाली मी ठसा उठवला असता, नेहमीसारखा स्वच्छ. असे किती उठवले असतील?

कारकुनाने ओळ खोडून लिहिले, "हात पिरगळून, बळजबरीने फरफटत नेले." जिवलीने ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतले. मग उजव्या हाताने आपला डावा हात उचलला आणि अंगठा माझ्यावर ठेवला.

आता माझे कापड वाळून कडक झाले आहे. मला शाई नको. पण मित्रांनो, तुम्हाला वाचता येते. तुमच्यासमोर कुणी अंगठा टेकत असेल, तर आधी कागद हातात घ्या, मोठ्याने वाचा. आणि शब्द बरोबर आहे का, हे ज्याचा हात पिरगळला होता त्यालाच विचारा.