नागम्माच्या नावापुढं

जळकोटच्या मल्लम्माच्या पत्राला उत्तरेश्वर सरांनी उत्तर दिलंच नव्हतं. ‘आई गेली. तिनं तुम्हाला सांगितलेले जुने शब्द लिहून पाठवा. तिचं बोललेलं घरात काहीच उरलं नाही,’ एवढंच तिनं मागितलं होतं. पण सर पडले निवृत्त ग्रंथपाल. अर्धवट काही पाठवायला मन धजेना. गावोगाव हिंडून जमवलेले बोलीतले शब्द त्यांनी कार्डांवरून संगणकात उतरवले होते. शब्द, अर्थ, सांगणारा, असे तीन रकाने. मल्लम्माच्या आईचे, नागम्माचे, तेवढे एकत्र करून पाठवू, म्हणून म्हातारपणी ते पायथन ही संगणकाची भाषा शिकायला बसले.

सांगणाऱ्यांचा रकाना त्यांनी वेगळा काढला, अकारविल्हे लावला, परत जागेवर ठेवला आणि तीच फाइल सेव्ह केली. नागम्माचं नाव ओळीनं एकाखाली एक आलं. सर हरखले. मग त्या नावापुढचा पहिलाच शब्द वाचला. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा. जन्मभर रानात राबलेली नागम्मा हा कशाला सांगेल?

त्यांनी पुतणीला, दीपमालाला, हाक मारली.

“काका, एकच रकाना हलवला व्हय? बाकीचे जागच्या जागीच राहिले की!”

“मला वाटलं, ओळ सगळी मागोमाग येईल. कार्ड उचललं की त्यावरचं सगळं येतंच ना?”

“ती काय मेंढरं हायेत, एकामागं एक यायला?” ती हसली. त्यांचा चेहरा पाहून तिनं हसू आवरलं. “कार्डं आहेत ना पण?”

“रद्दीत दिली. तेरखेड्याला गेली, फटाक्यांच्या नळ्या वळायला.”



शब्दाशेजारी त्याचा अर्थ शाबूत होता. पण तो कोणाच्या तोंडचा, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. सांगणारी बहुतेक माणसं गेली होती. सरांनी डोळे मिटून नागम्माचा आवाज आठवून पाहिला. ओसरी आठवली, चहा आठवला, शब्द एकही आठवला नाही. आपल्यासारख्यानं या कामात पडायलाच नको होतं, असं त्यांना वाटलं.

जळकोटकडं बोलतात तसे कानडी वळणाचे चार शब्द निवडून पाठवले असते, तर मल्लम्माला काय कळलं असतं? ती ते आजीचे म्हणून पोरांना शिकवत बसली असती. सरांनी ते चार शब्द कागदावर उतरवलेसुद्धा. मग कागद फाडला.

दुसऱ्या कागदावर लिहिलं: ‘तुमच्या आईंचे शब्द माझ्याकडं आहेत, पण इतरांच्या शब्दांत मिसळले आहेत. त्यांचे कोणते, ते मला ओळखता येत नाही. चूक सर्वस्वी माझी आहे.’

क्षमा मागावी असं फार वाटलं, पण तेवढाही हक्क आपला नाही म्हणून त्यांनी फक्त सही केली. स्टँडजवळच्या टपालपेटीपाशी ते बराच वेळ उभे राहिले आणि मग पत्र आत सोडलं.