आईची लय

लीदा तेरा वर्षांची होती आणि जगात तिला एकाच गोष्टीची खात्री होती: पियानोवर आई असली की आपली उडी चुकायची नाही. आणि आई असायचीच. रशियातल्या कामा नदीकाठच्या त्या बॅले शाळेत तिची आई, रिम्मा अर्काद्येव्हना, अठरा वर्षं वर्गाला साथ करत होती. लीदा रांगायला शिकली तीसुद्धा त्याच पियानोखाली.

यंदा शाळेच्या वार्षिक प्रयोगाला लेनिनग्राडहून एक बाई यायच्या होत्या. एक मुलगी, फक्त एकच, त्या तिकडच्या मोठ्या शाळेत नेणार होत्या. ती कोण हे सगळ्यांनी मनोमन ठरवूनच टाकलं होतं. चपळ, बारीक उड्या माराव्यात तर लीदानेच. तिची मैत्रीण रीता तर उघड म्हणायची, "तू जा बाई, आणि तिथून मला चॉकलेटं पाठव. विसरलीस तर बघ!"

तीन महिने मायलेकींनी घरी तालीम केली. ताटलीत लापशी गार व्हायची, आई टेबलावर बोटांनी ठेका धरायची आणि लीदा खुर्चीच्या पाठीला धरून उड्या मारायची.

"अजून जलद, आई!"

"अगं, पाय मोडून घेशील!"

"नाही गं मोडत. धर तू ठेका."

शेवटी लय पक्की ठरली. "मंचावर मोजत बसू नकोस," आई म्हणाली. "ते माझ्यावर सोड. मी आहे ना!"

प्रयोगाच्या दिवशी दृष्ट लागू नये म्हणून आईने खांद्यावरून तीनदा थू थू केलं, लेकीच्या कपाळाचा पापा घेतला आणि मंचाच्या कोपऱ्यात पियानोवर जाऊन बसली. लीदाने हात उचलला. सूर सुरू झाले, आणि पहिल्या चार ठोक्यांतच तिला ते जाणवलं.

लय संथ होती. फार नाही, जराशीच. पण उडी मारणाऱ्याचं शरीर घड्याळासारखं लावलेलं असतं, त्याला जराशी चूकही चालत नाही. लीदा खाली यायची आणि ठोका मागून यायचा. पुन्हा उडी, पुन्हा तेच. तिने आईकडे पाहिलं. नाचणाऱ्याच्या पायांवरून कधी नजर न हटवणारी तिची आई कागदावरचे सूर वाचत होती. झोपेत वाजवील असे ते सूर!

पडद्यामागे लीदा ओक्साबोक्शी रडली आणि तरी आईचीच बाजू घेत राहिली. बोटं गारठली असतील बिचारीची. घाबरली असेल माझ्यासाठी.

मग रीता मंचावर गेली. तीच बोटं, तोच पियानो, आणि एक ठोका इकडचा तिकडे नाही. लीदाचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले.

लेनिनग्राडच्या बाई जाता जाता लीदाच्या शिक्षिकेला, कापितोलिना स्तेपानोव्हनांना, लीदाला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाय सुरेख आहेत त्या पोरीचे, पण तालाचा कान नाही हो. आणि म्हणे पियानोवालीची मुलगी!" रीताचं नाव लिहून घेतलं गेलं.

घरी आल्यावर लीदाने कोटसुद्धा काढला नाही.

"मुद्दाम केलंस ना?"

आई किटली भरत होती. तिने नळ बंद केला.

"दोन दिवसांचा प्रवास आहे, लिदोच्का," ती म्हणाली. "तू परत आली नसतीस. कोणीच येत नाही. मी या दोन खोल्यांत एकटी काय करू?"

"मग जाऊ नको म्हणायचं होतंस! तोंडाने म्हणायचं होतंस!"

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. पण मला कान नाही असं तरी कोणी म्हटलं नसतं."

आईने चहा केला, मुरंबा काढला. लीदाने हात लावला नाही.

सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे लाकडी जमिनीवर पाय घसरू नयेत म्हणून झारीने पाणी शिंपडलं गेलं, मुली भिंतीलगतच्या कठड्याला धरून ओळीत उभ्या राहिल्या, आईने पियानोचं झाकण उघडलं. पहिलाच व्यायाम सुरू झाला आणि लीदाचे ओठ हलायला लागले. एक, दोन, तीन, चार.

"लीदा!" कापितोलिना स्तेपानोव्हना ओरडल्या. "पहिल्या वर्गात आहेस का तू? मोजतेस काय? पियानो ऐक!"

"माफ करा," लीदा म्हणाली. "मी यापुढे मोजूनच नाचेन."

पियानो मध्येच थांबला. सगळ्या मुलींनी माना वळवून पियानोकडे पाहिलं. एकट्या लीदाने पाहिलं नाही. ती पुढचे आकडे मोजत राहिली, आणि सुरांशिवायही तिचा पाय नेमका ठोक्यावर पडत होता.