सासूबाई चुका काढेनात

पँटच्या दुमडीवरून नुसता हात फिरवून सासूबाई "छान आहे" म्हणाल्या, आणि सुनेच्या हातातली कात्री तशीच थांबली. एकवीस वर्षांत हा शब्द तिने त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

घराच्या रस्त्याकडच्या खोलीत दोघींचं शिवणकाम चाले. दोन मशीन, एक लांब टेबल, भिंतीला रिळांची फळी. सून शिवायची आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाई तपासायच्या. तपासायच्या म्हणजे कपडा खिडकीपाशी नेऊन, उलटा करून, टीप न् टीप डोळ्यांत तेल घालून बघायच्या. "ही टीप आहे की गोगलगाय गेलीय इथून?" असं म्हणत ब्लेडने सरळ उसवून टाकायच्या. वेगळं दुकान काढते म्हणून सुनेने किती वेळा धमकी दिली असेल! पण गिऱ्हाईक टिकून होतं ते या उसवण्यामुळेच, हेही तिला ठाऊक होतं.

त्या दिवशी तिच्या मनात पाल चुकचुकली; तीन आठवड्यांत त्यांनी एकही टीप उसवली नव्हती. खात्री करायला तिने एका गणवेशाचा खिसा मुद्दाम तिरका लावला आणि पुढे केला.

"छान आहे गं," सासूबाई म्हणाल्या आणि पाण्याचा घोट घेतला. हल्ली त्यांच्या तोंडाला सारखी कोरड पडायची. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या मान कलायची. परवा तर मशीनचं नाव आठवेना, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते... ते घरघर करतं ते." आणि सकाळी मोरीच्या दारात झोक गेला, दार धरलं म्हणून वाचल्या.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, वय झालंय आईचं. आणि तीन आठवडे घरात शांतता आहे, ती तुला बघवत नाही का?"

"ही शांतता नाही. आई घरात असून नसल्यासारख्या झाल्यात."

दुसऱ्या दिवशी तिने सासूबाईंची सगळी औषधं एका कापडी पिशवीत भरली. उशाजवळची, स्वयंपाकघरातली, पर्समधली, आरशामागची सुद्धा. मग त्यांचा हात धरून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली. तिथल्या बाई चष्म्याच्या वरून बघणाऱ्या, पण कामाला चोख. त्यांनी पिशवी काउंटरवर रिकामी केली, गोळ्यांची पाकिटं तपासली आणि तीन बाजूला काढली.

"ही कोणी दिली?"

"अंगाला खाज सुटायची, तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांनी," सासूबाई हळूहळू म्हणाल्या.

"आणि ही?"

"सारखं लघवीला जावं लागायचं ना. दुसऱ्या डॉक्टरांनी."

"झोपेची?"

सासूबाईंना आठवेना. सूनच म्हणाली, "मी आणली. झोप येत नाही म्हणत होत्या. चिठ्ठीशिवाय मिळाली."

"तुमच्यासारखं खूपजणी करतात," बाई म्हणाल्या. "या तिन्ही एकाच जातीच्या आहेत. तोंड कोरडं पाडतात, गुंगी आणतात, डोकं जड करतात. तरुण माणूस एखादी पचवतो. या वयात तीन एकदम म्हणजे माणूस धुक्यात जातो. पण आपल्या मनाने एकही बंद करायची नाही हं. मी लिहून देते, आत्ताच तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. आणि पिशवी न्या, नुसतं तोंडी सांगू नका."

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, पिशवी बघितली, आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "मला फक्त रक्तदाबाची गोळी माहीत होती. बाकीचं कुणी सांगितलंच नाही, आणि मीही विचारलं नाही." झोपेची गोळी त्यांनी बंद केली, खाजेवर मलम दिलं, तिसरी बदलून देण्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांशी तिथूनच फोनवर बोलले.

"मग उद्यापासून काहीच घेत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"रक्तदाबाची घ्यायचीच. तिथे हट्ट चालणार नाही," डॉक्टर म्हणाले.

चार-पाच दिवस काही फरक दिसला नाही. सून रोज सकाळी त्यांच्याकडे चोरून बघायची. आठव्या दिवशी नवरा कामावर निघाला तेव्हा मागून आवाज आला, "थांब. ही कॉलर घालून बाहेर जातोस? लोक म्हणतील, घरात दोन शिवणाऱ्या आणि पोरगा हा असा!" तो शर्ट बदलायला मुकाट्याने आत गेला. सुनेचा जीव भांड्यात पडला. मशीनवर डोकं टेकून ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी सासूबाई आपणहून बोलल्या. "मला समजत होतं गं, काहीतरी बिघडलंय. शब्द धरायला जावं तर निसटायचा. टीप बघायची तर डोळ्यांपुढे सगळं हलायचं. तुला कळू नये म्हणून छान छान म्हणत होते. वाटलं, आता मी अशीच राहणार."

"मला सांगायचं ना, आई."

"सांगितलं असतं तर मशीनवरून उठवलं असतंस."

"उठवलं असतं," सून म्हणाली. "आणि मी ती गोळी विचारून आणायला हवी होती."

"विचारायचं कसं, तेही कुठे कुणी शिकवलंय आपल्याला? आता मीच विचारत जाईन. ज्याने गोळी लिहिली त्याला सोडणार नाही."

"बिचारे डॉक्टर!"

दोघी हसल्या. त्या आठवड्यात शाळेच्या सभागृहाचे पडदे शिवायला आले होते. टेबलावर मावेनात, म्हणून दोघींनी ते फरशीवर पसरले. एका टोकाला सून गुडघ्यांवर बसली, दुसऱ्या टोकाला सासूबाई उशी घेऊन बसल्या, आणि टाचण्या लावत दोघी एकमेकींच्या दिशेने सरकू लागल्या.