महिपतीची पंचवीस मिनिटं

मित्रांनो, मी बुद्धिबळाचं एक जुनं घड्याळ आहे. लाकडी पेटी, तिच्यात शेजारी शेजारी दोन तबकड्या, डोक्यावर दोन खटके. चाल केली की खेळाडू खटका दाबतो. त्याची वेळ थांबते, समोरच्याची धावू लागते.

मला चावी देणारा हात औंढ्याच्या महिपतीचा. तो या खेळावरच जगायचा. स्पर्धांची बक्षिसं, आणि तुंगार्लीच्या बंगल्यांत मुलांच्या शिकवण्या. स्पर्धेला मला पिशवीत घालून न्यायचा. त्याची एक रीत होती. डाव अडला की तो पटावरून उठायचा, बाहेर एखाद्या झाडाखाली उभा राहायचा, आणि मिटल्या डोळ्यांत सगळा पट मांडायचा. इकडे त्याची वेळ माझ्या अंगावरून वाहत असायची. बघणारे हसायचे, "भाऊ उठलं! आता समोरच्याचं काय खरं न्हाई!"

मग बुद्धिबळात माणसाला हरवणारं यंत्र मोबाईलमधून खिशाखिशात आलं. महिपतीला त्याचं दुःख नव्हतं. "घाटात गाडी माझ्याम्होरं पळती, म्हणून मी चालायचं सोडू व्हय?" असं म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यात लोणावळ्याच्या स्पर्धेत त्याच्यासमोर सत्यम नावाचा तरुण होता. डाव अडला. महिपती उठला, जांभळाखाली पंचवीस मिनिटं उभा राहिला, आणि परत येऊन त्यानं घोडा मागे घेतला. कुणाच्या ध्यानीमनी नसलेली चाल! सत्यम हरला. डाव संपल्यावर त्यानं तो मोबाईलवर मांडून पाहिला.

"यंत्रही हीच चाल दाखवतंय, सर. बाहेर काय बघून आलात?"

"जांभूळ बघितलं, बाबा."

पंचांनी महिपतीचे खिसे तपासले. बटणांचा फोन निघाला.

"ह्याच्यावर निस्तं हॅलो म्हनता येतं," महिपती म्हणाला. कुणी हसलं नाही.

"पुरावा नाही, पण शंका आहे," म्हणत पंचांनी डाव रद्द केला.

मित्रांनो, यंत्राला विचारायला कुठे पंचवीस मिनिटं लागतात? मोबाईल नव्हते तेव्हाही त्याला तेवढीच लागायची. मीच मोजली होती. पण मला टिकटिकीपलीकडे बोलता येत नाही.

शिकवण्या ठरवणाऱ्या ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या, "सर, ॲपमुळे निम्मी मुलं आधीच गेली. उरलेल्यांचे पालक आता भलतंच विचारतात. तळेगावची स्पर्धा जिंका, तरच मला काही सांगता येईल."

घरातून निघताना बायको, नंदाबाई, काकुळतीनं म्हणाली, "तुमास्नी माझी आण हाय. कायबी होऊ द्या, खुर्ची सोडू नगा."

त्यानं सोडली नाही. डाव अडला, तसं त्यानं दाराकडे पाहिलं. दारात पंच उभे होते. महिपतीनं डोळे मिटले. भोवती खुर्च्या सरकत होत्या, कुणीतरी कुजबुजत होतं. पट काही मनात उभा राहीना. माझा काटा चढत गेला. वेळ संपली की माझ्या तबकडीवरचं तांबडं निशाण पडतं आणि डाव हातचा जातो. ते पडलं. मीच पाडलं.

शिकवण्या बंद झाल्या. आता तो तुंगार्लीतल्या एका बंगल्याचं फाटक उघडतो, लावतो. आवारात झाडं पुष्कळ आहेत. तो त्यांच्याखाली उभा राहत नाही.

मित्रांनो, यंत्र हुशार आहे, असू द्या. पण एखादं माणूस फार सुंदर खेळलं, तर आधी त्याला वाहवा म्हणा. आणि कुणी विचार करायला उठून गेलं, तर त्याची जागा तशीच ठेवा.