चार ग्रॅम जास्त

मित्रांनो, माझ्या अंगावरचे टवके मोजायला बसू नका, संध्याकाळ होईल. मी आता जुनी झालेली एक टिपरी आहे. हिकरीच्या लाकडाची, हातभर लांब, पोटावर टांगलेल्या ड्रमवर पडणारी. टोक झिजलंय, मान खरवडली आहे आणि अंगावरचं कंपनीचं लाल नाव अर्धंच वाचता येतं. पण एके काळी हेच नाव हजारो लोकांनी एका वेळी वाचलं होतं. मी ही हकिकत नेहमी फुगवून सांगते, असं माझी जोडीदारीण म्हणते. आज फुगवणार नाही, कारण तशी गरजच नाही.

माझा जन्म टेनेसीतला, टॉलिव्हर कंपनीच्या कारखान्यातला. लाकूड वाळलं, लेथवर चढलं, घासलं, गुळगुळीत झालं आणि आम्ही लोरेटाबाईंच्या टेबलावर आलो. त्यांच्यापुढे एक छोटा वजनकाटा आणि एक दगडी लादी असायची. प्रत्येक टिपरी त्या लादीवर हलकेच आपटायच्या, मान तिरकी करून ऐकायच्या आणि एकाच सुरात बोलणाऱ्या दोघींची जोडी लावायच्या. एकवीस वर्षं हेच काम. माझी जोडी लागली तेव्हा त्या स्वतःशीच म्हणाल्या, "वा! जुळ्या बहिणी."

मग त्यांनी आम्हाला काट्यावर ठेवलं. दोघीही चार ग्रॅम जास्त!

चार ग्रॅम म्हणजे किती हो? चमचाभर साखर. पण कंपनीचा नियम तो नियम. आम्ही थेट टेबलाखालच्या पिंपात. अंगावर नाव नाही, काही नाही. त्या पिंपातल्या टिपऱ्या दर महिन्याला एक ढेरपोट्या माणूस घेऊन जायचा. त्याचं डुकराच्या फासळ्या भाजायचं हॉटेल होतं आणि हिकरीच्या धुराशिवाय तिकडे फासळ्यांना कुणी तोंड लावत नाही. म्हणजे आम्ही वाजणार नव्हतो, धुमसणार होतो! मला इतका राग आला होता की सांगता सोय नाही. सूर चोख असताना केवळ अंगानं भरलेली आहे म्हणून कुणाला चुलीत घालतात का?

आता जरा उत्तरेला, ओहायोत चला. तिथली हकिकत मला नंतर कळली, पण ती इथंच सांगायला हवी.

ब्रेनर्ड फॉल्स नावाच्या गावातल्या शाळेचं एक वादकांचं पथक होतं. त्यात ओळीनं उभे राहून ड्रम वाजवणारे सात जण, आणि त्यांची पुढारी डेलिया कोव्हाच. शाळेतलं तिचं शेवटचं वर्ष. इतकी वर्षं हे पथक दुसऱ्यांनी टाकलेल्या टिपऱ्यांनी वाजवत आलं होतं. त्या वर्षी टॉलिव्हर कंपनीनं त्यांना आपलं म्हटलं. ड्रमच्या टिपऱ्या, मोठ्या ढोलांच्या गोळेवाल्या टिपऱ्या, सगळं कंपनी देणार. बदल्यात जॅकेटांवर कंपनीचं नाव, सराव करायच्या हॉलमध्ये कंपनीचा फलक, आणि मैदानात दुसऱ्या कुठल्याही कंपनीची टिपरी दिसायची नाही. करारात सहाव्या पानावर आणखी एक ओळ होती. वाजवताना टिपरीवरचं नाव दिसलं पाहिजे. पण सहावं पान वाचतो कोण?

या पथकाची एक रीत होती. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सगळे गोल करून बसायचे आणि प्रत्येकानं शेजाऱ्याच्या टिपऱ्यांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळायची. पट्टीमुळे लाकूड टिकतं आणि लांबून चौदाही टिपऱ्या एकसारख्या दिसतात. त्या वर्षीही ती मुलं हसत-खिदळत बसली आणि ज्या कंपनीनं टिपऱ्या फुकट दिल्या, तिचंच नाव त्यांनी नीट, एकही सुरकुती न पडू देता झाकून टाकलं.

मार्चमध्ये विभागीय स्पर्धा झाली. ती पाहायला कंपनीचे प्रेंटिस साहेब आले होते. स्पर्धा संपताच ते पथकाच्या शिक्षकांपुढे, ब्राझिक सरांपुढे उभे राहिले.

"सर, आमचं नाव कुठंय?"

"जॅकेटवर आहे की."

"जॅकेट काढून वाजवता तुम्ही! कॅमेरा हातांवर असतो. पडद्यावर मला चौदा खडू दिसले, चौदा पांढरे खडू!"

"पोरांची जुनी रीत आहे हो."

"असेल. पण फायनलला नाव दिसलं नाही, तर पुढच्या वर्षीची टिपऱ्यांची पेटी दुसऱ्या शाळेत जाईल. मी काही वाईट माणूस नाही, सर. पण माझ्याही डोक्यावर साहेब आहे."

सरांनी मुलांना सगळं सांगितलं. डेलिया ताडकन म्हणाली, "पट्टी काढायची नाही. पाच महिने हात त्याच वजनावर बसलाय."

तेव्हा ओळीतली सगळ्यात धाकटी, पेट्रा, बोलली. "तुझं काय जातंय गं? तू जूनमध्ये चाललीस. आम्ही पुढच्या वर्षी काय लाटणी घेऊन वाजवायचं?"

डेलियाचा चेहरा पडला. ती खाली बसली, आपल्या टिपरीच्या टोकाशी नख घालून पट्टी सोलायला लागली. मग बाकीच्यांनीही सोलली. फायनलला अकरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सराव सुरू झाला आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. सात जणांचा मिळून जो एक ठोका ऐकू यायचा, तो आता पिशवीतून बटाटे सांडावेत तसा यायला लागला. कुणाचा हात आधी, कुणाचा नंतर. सरांनी रसायनशास्त्राच्या वर्गातला काटा आणला आणि सोललेली पट्टी तोलली. एका टिपरीवरची पट्टी भरली बरोबर चार ग्रॅम.

डेलियानं पट्टी पुन्हा लावायचा हट्ट धरला नाही. तिनं टिपऱ्यांची रिकामी पेटी उपडी केली. तळाशी एक चिठ्ठी होती : पारख, लोरेटा पी. खाली कारखान्याचा फोन नंबर. तिनं तिथंच उभ्या उभ्या फोन लावला.

लोरेटाबाई तेव्हा सँडविच खात होत्या आणि मी त्यांच्या पायाशी पिंपात होते. त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"हो बाळा, लोरेटाच बोलतेय... हळू बोल, मला काही कळत नाहीये... पट्टी? बरं... अगं, रडू नकोस. आधी आकडा सांग. किती कमी पडतंय?"

पलीकडून आकडा आला. लोरेटाबाईंचा घास तोंडातच राहिला.

"चार? नक्की चार ना? पुन्हा तोल आणि सांग."

मग त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारची मशीनवाली माणसं वळून बघायला लागली. त्यांनी वाकून पिंप ओढलं आणि आम्हा सगळ्यांना टेबलावर ओतलं. फासळ्यांचा ढेरपोट्या शुक्रवारी येणार होता आणि तो दिवस बुधवारचा होता.

पिंपात दोनशे टिपऱ्या होत्या, पण सगळ्या चार ग्रॅमवाल्या कुठल्या? कुणी तीन जास्त, कुणी सात. त्यातून सूरही जुळायला हवे. दोन दिवस लोरेटाबाई जेवणाच्या सुट्टीत जेवल्या नाहीत. शेवटी नऊ जोड्या निघाल्या. सात वादकांच्या सात, आणि वरच्या दोन. तेवढ्यात मुकादम आला.

"लोरेटा, ते जळण आहे."

"जळण असेल तुझ्या घरी. यांच्यावर शिक्का मार."

"वजनात बसत नाहीत."

"ज्यांना हव्यात त्यांच्या वजनात बसतात. मार शिक्का, नाहीतर मी मारते."

आणि मित्रांनो, माझ्या अंगावर लाल अक्षरं उमटली. गरम शिक्का बसला तेव्हा चटका लागला खरा, पण मी हूं की चूं केलं नाही. आता मला नाव होतं!

शनिवारी पेटी ब्रेनर्ड फॉल्सला पोचली. डेलियानं आम्हा दोघींना उचललं, हातात तोललं आणि डोळे मिटून चामड्यावर पहिला ठोका दिला. मग सातही जणांनी एकदम दिला. बटाटे गेले, ठोका एक झाला! पेट्रा ओरडली, "आली, आली, परत आली!" तिनं डेलियाला मिठी मारली. सर पाठमोरे होऊन चष्मा पुसत बसले.

पण उघड्या लाकडाचे भोग वेगळेच. ड्रमच्या लोखंडी कडेवर जोरकस ठोके मारताना आमच्या माना सोलून निघायच्या, आणि वर पट्टी नव्हती. आठवडाभरात दोन जोड्या मोडल्या आणि वरच्या दोन्ही जोड्या कामी आल्या. आता फायनलसाठी डेटनला जाताना सात वादकांकडे बरोबर सातच जोड्या होत्या. एक जरी टिपरी मोडली असती, तर सगळंच मोडलं असतं.

एप्रिलमधल्या त्या दुपारी डेटनच्या वाहनतळावर ट्रकांच्या मधोमध आम्ही शेवटचा सराव केला. पेट्राचे हात थरथरत होते. डेलिया तिला म्हणाली, "माझ्या हातांकडे बघू नकोस, घाबरशील. माझे पण थरथरतायत. नुसतं ऐक."

मग आत. हजारो माणसं, आणि अचानक एकदम शांतता. सहा मिनिटांचं वादन. पहिल्या मिनिटात माझी भीती पळाली, दुसऱ्यात मी स्वतःला विसरले. पाचव्या मिनिटाला मोठे ढोल थांबले, मागची सगळी वाद्यं थांबली आणि फक्त आमची ओळ उरली. कॅमेरा अगदी जवळ आला. सात जणांनी टिपऱ्या हनुवटीपर्यंत उचलल्या आणि वरच्या भल्यामोठ्या पडद्यावर चौदा लाल नावं एका रेषेत उभी राहिली. हजारो लोकांनी ती वाचली. मग आम्ही कोसळलो! कडेवर, चामड्यावर, पुन्हा कडेवर. शेवटून तिसऱ्या ठोक्याला माझ्या मानेत कळ गेली आणि लाकडाचा एक धागा उसवला. मी जीव एकवटून तशीच राहिले. दोन ठोके उरले होते. एक पडला. दुसरा पडला. मी मोडले नाही, मित्रांनो! चौदांपैकी एकही मोडली नाही!

निकाल शेवटच्या क्रमांकापासून वर सांगत आणतात. पाचवा, चौथा, तिसरा. मुलं हातात हात घालून, खाली मान घालून उभी होती. दुसऱ्या क्रमांकाला दुसऱ्याच शाळेचं नाव आलं. त्यानंतर आमचं नाव कुणाला ऐकूच आलं नाही, इतका आरडाओरडा झाला. सुवर्णपदक! ब्राझिक सरांना मुलांनी उचललं आणि पाडलंही.

प्रेंटिस साहेब धापा टाकत आले. "तीन वर्षं! पुढची तीन वर्षं पेटी तुमची. साहेबांशी आत्ताच बोललो." मग डेलियाच्या हाताकडे बघत म्हणाले, "ही जोडी मला दे. कंपनीत काचेच्या कपाटात ठेवतो. खाली तुझं नाव लिहितो."

खरं सांगते, मी हुरळून गेले. काचेचं कपाट! दिवे! आणि चुलीत जाणारी मी!

डेलियानं माझी उसवलेली मान अंगठ्यानं चाचपली. म्हणाली, "नको साहेब. ही अजून वाजते." आणि तिनं आम्हा दोघींना पेट्राच्या हातात दिलं. "धर. मी चाललेय ना जूनमध्ये."

पेट्रानं आम्हा दोघींना छातीशी धरलं. ती म्हणाली, "मी तेव्हा उगाच बोलले गं."

"उगाच नाही बोललीस. त्या दिवशी ओळीचा विचार फक्त तूच करत होतीस."

त्या क्षणी मला डेलियाचा राग आला होता. आज नाही. पेट्रानं मानेला डिंक लावून मला बरं केलं आणि दोन वर्षं वाजवलं. तिच्यानंतर तिसऱ्याच एका मुलीनं माझ्यावर हात बसवला. आता मी स्पर्धेला जात नाही. नवी मुलं ठोके शिकायला मला घेतात, आणि त्यांच्या हातून मी रोज चुकते, रोज सुधारते.

मित्रांनो, आम्हाला जपा. उन्हात तापलेल्या गाडीत विसरू नका, आम्ही वाकड्या होतो. घाम लागला की पुसा. माझी एवढीच विनवणी आहे, की जपायचं म्हणून आम्हाला काचेआड कोंडू नका. आम्हाला वाजवा, आणि तुमची निघायची वेळ झाली की मागे राहणाऱ्यांपैकी एखादीचा हात पुढे घ्या आणि आम्हाला त्यात द्या.