आधी गोळी

पहिलंच सांगून ठेवतो, हे आमच्या स्वप्नालीच्या कानावर जाता कामा नये.

पोरगी दिल्लीतच जन्मली, पालमला वाढली. मी फौजेतला, बाहेर सगळी हिंदी. तिची मराठी धड कुठून राहणार? तिची आई तानूबाई मात्र पस्तीस वर्षं इथे काढूनही साताऱ्याचीच राहिली.

गेल्या महिन्यात स्वप्नालीनं आईला दवाखान्यात नेलं. तानूबाईची किडनी थकलेली, म्हणून डॉक्टरीणबाईंनी साखरेची गोळी कमी केली. आईला घरी सोडून गुडगावच्या ऑफिसला पळता पळता पोरगी दारातून ओरडली, "आई, सकाळची गोळी आता आधी घ्यायची हं!"

"बरं बाई," तानूबाई म्हणाली. एरवी नाश्त्याबरोबर घ्यायची, ती आता आंघोळ झाली की घ्यायला लागली. मग देवपूजा, मग माझा चहा, आमचं खाणं, आणि सगळ्यांच्या शेवटी हिचे पोहे. ही खोड काही जात नाही.

चौथ्या दिवशी देवापुढेच घामानं निथळली. हात थरथरत होते, काहीतरी बरळत होती. मी मूर्ख! म्हटलं, उकाड्यानं झालं असेल, पडू दे जरा. तासाभरानं हलवलं तर डोळे उघडेना.

हॉस्पिटलात डॉक्टरनं कागद बघून मला विचारलं, "गोली आधी ही दे रहे थे ना?"

हिंदीत ऐकलं आणि पायाखालची जमीनच सरकली. आधी म्हणजे अर्धी! आम्ही दोघांनी तो शब्द मराठीत ऐकला होता. डॉक्टर सांगत होता, पोटात अन्न असो नसो, ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावतेच. किडनी थकली की लवकर बाहेरही पडत नाही, साखर उतरतच जाते.

तानूबाई पुन्हा बोलली नाही. हॉस्पिटलातच पाचव्या दिवशी गेली.

तेरावं झाल्यावर स्वप्नालीनं गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं. "बाबा, आईनं अख्ख्या गोळ्या घेतल्या? मी नीट सांगितलं होतं ना?"

"नीटच सांगितलंस, बाळा. तुझी आईही मला म्हणाली होती, अर्धी द्या. मीच विसरलो."

तिनं पाकीट खाली ठेवलं. "तुम्ही मारलंत आईला."

"हो," म्हणालो.

त्याच दिवशी बॅग भरून गुडगावला मैत्रिणीकडे गेली. माझा फोन उचलत नाही. मैत्रीण म्हणते, वेळेवर जेवते, ऑफिसलाही जाते. बास, मला तेवढंच हवं होतं.