काठीची चिंता

वखारीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. रंगाऱ्यांची सगळी गल्ली तिथं लोटली होती. इस्त्रीवाले होते, कापड वाळत घालणाऱ्या बाया होत्या, कोपऱ्यावरचा किराणावाला तर दुकान उघडं टाकून आला होता. पुढे पांढऱ्या कापडानं झाकलेलं टेबल, टेबलावर काचेचं मोठं वाडगं आणि वाडग्यातल्या पाण्यात एका इस्त्रीवाल्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत बुडालेले. तो आपलं दुःख सांगत होता आणि जसजसा सांगत होता तसतसं पाणी काळं होत होतं. आधी बोटांच्या टोकांशी निळसर रेघा दिसल्या, मग तळहातांभोवती ढग जमले आणि त्याचं रडगाणं संपेपर्यंत वाडगं शाईनं भरल्यासारखं झालं. मागून कुणीतरी "आई गं" म्हणालं, एवढंच.

"बघा," निर्मळबुवा म्हणाले. "मी काही केलं नाही. मी देव नाही, वैद्य नाही, मी नुसता वाडगं धरणारा. लोक म्हणतात चिंता मनात असते. साफ चूक. चिंता रक्तात असते आणि हात हे मनाचे नळ. मी फक्त नळ सोडतो."

नळ सोडायला तीन बैठका लागत. पहिलीला पाणी काळं, दुसरीला करडं, तिसरीला नितळ, आणि पाणी नितळ झालं की माणूस नितळ. हात बुडवण्याआधी बुवांच्या मदतनीस बाई तळहातांना एक फिकट पिवळी पूड चोळत. त्या पुडीचं नाव वाटमोकळी. मग डॉक्टरांच्या गोळ्यांचं काय करायचं, असं कुणी विचारलं की बुवा हसून म्हणत, "घासून लख्ख केलेल्या भांड्यात कुणी चिखल कालवतं का?" लोक माना डोलवत. वाक्य गोल असलं की ते खरंच असलं पाहिजे, असं आपल्याकडे मानतात.

थोरली शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून उभी होती आणि तिचं डोकं तडकलं होतं. झाडाच्या सालीच्या पाण्याचा हौद अर्धवट सोडून ती आली होती, हातही धड धुतले नव्हते. आज तिच्या धाकट्या भावाची तिसरी बैठक होती. अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, "तूही चल" म्हटलं म्हणून ती आली, नाहीतर असल्या ठिकाणी ती फिरकली नसती.

धाकटा म्हणजे त्या घरातला सगळ्यात पारखी डोळा. गिऱ्हाईकानं चिंधी दाखवून परत नेली तरी चार दिवसांनी तो तोच रंग बिनचूक उतरवायचा. आठ महिन्यांपूर्वी तोच पोरगा हौदासमोर काठी धरून नुसता उभा राहायला लागला. कापड जास्त शिजायचं, रंग फाटायचा, ह्याला पत्ता नसायचा. झोप उडाली, जेवण तुटलं, बसल्या जागी छाती धडधडायची. तो सांगत होता, काहीतरी बिघडलंय माझं. घरानं काय ऐकलं? अण्णा म्हणाले, "ताप नाही, जखम नाही, मग आजार कुठला?" रंगाऱ्याच्या घरात जे उजेडात धरून दिसत नाही ते नसतंच. आणि थोरली? तिनंही तेच केलं होतं. उठ, आंघोळ कर, कामाला लाग, आपोआप बरं वाटेल. हे ती रोज सकाळी म्हणायची आणि वर त्याला आपण धीर देतोय असं समजायची. आता तिला ते आठवलं की स्वतःचाच राग यायचा.

शेवटी तीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तासभर ऐकलं, नैराश्य हा आजार आहे आणि त्याला इलाज आहे हे सांगितलं, गोळ्या दिल्या आणि एका कागदावर साध्या गोष्टी लिहून दिल्या. ठरल्या वेळी उठायचं, रोज अर्धा तास कुणाबरोबर तरी चालायचं, काम सुरुवातीला अर्धाच दिवस, आणि आज कसं आहे हे रोज एका माणसाला खरं खरं सांगायचं. ह्यात कसला चमत्कार? पण चार महिन्यांत धाकटा दोन पोळ्या जेवायला लागला, पुन्हा रंग जुळवायला लागला. हळूहळू बरा होत होता. हळूहळू होणारी गोष्ट मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही, आणि तेवढ्यात गल्लीत हे वाडगं आलं.

पहिल्या बैठकीला धाकट्याचं पाणी काळंकुट्ट झालं तेव्हा अण्णा सगळ्यांसमोर रडले होते. "पोरगं खरंच आजारी होतं," असं म्हणून त्यांनी आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. थोरलीला हेच गिळवत नव्हतं. पोटचा पोरगा तोंडानं सांगत होता त्याच्यावर विश्वास नाही, आणि काचेच्या भांड्यावर आहे.

तिसऱ्या बैठकीला मदतनीस बाई म्हणाल्या, "आता वाट मोकळी झालीय, पुडीची गरज नाही." धाकट्यानं हात बुडवले, बोलला, आणि पाणी जसंच्या तसं राहिलं. टाळ्या पडल्या. त्याच्या शर्टाची बाही पाण्यात भिजत होती म्हणून थोरली पुढे झाली आणि तिनं ती वर ओढली. तिची चार बोटं पाण्याला लागली मात्र, चारही टोकांपासून काळे धागे सुटले.

बुवा एक क्षणही अडखळले नाहीत. "सुटलेली चिंता जवळच्या माणसाला धरते. ताईंनाही तीन बैठका."

थोरली बोटांकडे बघत राहिली. कडेला निळसर आणि आत दाट. हा काळा ती गेली बावीस वर्षं स्वतःच्या हातानं करत होती. कापड आधी झाडाच्या सालीच्या तुरट पाण्यात भिजवायचं, मग लोखंडाच्या पाण्यात बुडवायचं, की दोन फिकट पाण्यांचा मिळून पक्का काळा होतो. छत्र्यांचं कापड, कोटांचं अस्तर, सगळी गल्ली ह्याच काळ्यावर जेवत होती. आणि तीच गल्ली वाडग्यासमोर आ वासून उभी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तरी ती तेव्हा बोलली नाही. धाकटा हसत होता, अण्णा त्याला कवटाळत होते. ती गप्प बसली ती चांगले दोन आठवडे, आणि त्या गप्प बसण्याची किंमत तिनं नाही, धाकट्यानं मोजली.

त्याच दिवशी त्यानं गोळ्या बंद केल्या होत्या. चार दिवस बरे गेले. मग चक्कर, मग झोप गेली, आणि दुसऱ्या आठवड्यात तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. ह्या वेळी तो काही सांगतही नव्हता. सांगणार कसा? पाणी नितळ आलं होतं ना. अण्णा बुवांना विचारून आले तर बुवा म्हणाले, पाणी खोटं बोलत नाही, आता उरलाय तो नुसता हट्ट. अण्णा घरी येऊन अंथरुणाशी उभे राहिले. "रोग तर गेला. मग हे नाटक कशाला?"

धाकट्यानं पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. ते पाहून थोरली तडक हौदावर गेली, सालीच्या पाण्यात बुडलेली ढवळायची काठी उचलली, खिशात एक लिंबू टाकलं, अण्णांना म्हणाली, "तुम्ही चला माझ्याबरोबर," आणि वखारीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. धाकट्याजवळ आईला बसवून.

"बैठक कुणाची?" बुवांनी विचारलं.

"हिची," थोरली म्हणाली आणि काठी पुढे केली. "बावीस वर्षं हौदात उभी आहे. कुणाशी बोलत नाही."

दोघेतिघे हसले. बुवा काही म्हणायच्या आत तिनं काठी वाडग्यात घातली. पाणी निळसर झालं, करडं झालं, काळं झालं.

"हिला बरीच चिंता दिसते," थोरली म्हणाली.

बुवांनी घसा साफ केला. "ती तुमच्या हातातून उतरली, काठी नुसती वाट झाली. निर्जीव वस्तूला कसली चिंता?"

"मग तुम्ही धरा. तुम्ही तर नितळ आहात."

बुवांनी हात मागे घेतले. थोरलीनं खिशातलं लिंबू काढलं, दातानं फोडलं आणि वाडग्यात पिळलं. लिंबानं हा काळा निघतो हे गल्लीतलं शेंबडं पोर सांगेल, तिथल्या प्रत्येक बाईनं असे डाग काढलेत. पाणी ढवळताच फिकट होत होत पार पिवळसर झालं. "झाली काठी बरी," ती म्हणाली. "एकाच बैठकीत."

तेव्हा अण्णा पुढे झाले. त्यांनी वाडगं ज्यातून भरत त्या टेबलाखालच्या घागरीतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं, हौद चाखतात तसं. मग मदतनीस बाईंच्या डबीतली चिमूटभर पूड जिभेवर ठेवली. म्हातारा पन्नास वर्षं हौद चाखत आला होता, त्याच्यापुढे वाद घालणारा त्या गल्लीत कुणी नव्हता.

"हे लोखंड," अण्णा म्हणाले. "आणि ही साल."

थोरलीनं गर्दीला विचारलं, "तिसऱ्या बैठकीला कुणाला पूड लावली होती?" लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणालाच नाही. दुसऱ्या वेळी अगदी नावाला, आणि तिसऱ्या वेळी गरज नाही म्हणून टाळलेली. पूड जास्त तर पाणी काळं, थोडी तर करडं, नाही तर नितळ. चिंतेचा संबंध कुठेच नव्हता. बुवा पाण्याला दृष्ट लागली वगैरे पुटपुटत होते, पण त्यांचे डोळे मागच्या दाराकडे होते, आणि थोड्या वेळानं बुवाही त्याच दारानं गेले.

सगळे खूश झाले असं नाही. ज्याचं पाणी शाईसारखं झालं होतं तो इस्त्रीवाला तर तिच्यावरच उखडला. "मला बरं वाटत होतं. तू येऊन काय मिळवलंस?"

"वाटलं असेल बरं," थोरली म्हणाली. "इतक्या वर्षांत तुझं दुःख कुणी मध्ये न बोलता ऐकलं नव्हतं. ते काम बायकोलाही जमेल, मित्रालाही जमेल. ऐकायला लोखंडाचं पाणी लागत नाही. आणि तेवढ्यानं भागलं नाही तर दवाखाना आहे." तो पुटपुटत निघून गेला. पटलं की नाही कोण जाणे.

घरी येऊन अण्णांनी धाकट्याला सगळं सांगितलं. त्यांना वाटलं पोरगा सुटल्यासारखा हसेल. तो उठून बसला आणि म्हणाला, "म्हणजे काळं पाणीही खोटंच. आता तुम्ही म्हणणार, ह्याला काही झालंच नव्हतं."

अण्णा अंथरुणाच्या कडेला बसले. थोरलीला हुंदका आला. "पाणी खोटं होतं," ती म्हणाली. "तू खरं सांगत होतास. आम्ही ऐकलं नाही. मी सुद्धा."

दुपारी तिघं दवाखान्यात होते. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. धाकट्याकडे बघून त्यांनी सरळ विचारलं, "जगू नये असे विचार येतात का?" थोरलीला वाटलं, असं कुणी विचारतं का, नसलेलं मनात भरेल ना. पण धाकट्याचे खांदे सैल पडले, कुणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवून घेतल्यासारखे. "येतात," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यापासून." अण्णांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

बाईंनी समजावलं की विचारल्यानं असे विचार मनात भरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. काही दिवस त्याला एकटं ठेवायचं नाही, असे विचार अनावर झाले तर थांबायचं नाही, कुठल्याही वेळी सरळ घेऊन यायचं. गोळ्या बेतानं पुन्हा सुरू, आणि बरं वाटलं तरी स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. कागद तोच, चालणं, झोप, अर्धा दिवस काम, आणि एक माणूस.

"पण हे दिसत नाही हो," अण्णा म्हणाले. "कळणार कसं?"

"रक्तदाब तरी कुठे डोळ्यांनी दिसतो?" बाई म्हणाल्या. "विचारायचं. आणि तो सांगेल ते खरं मानायचं."

एवढीच गोष्ट. दिसत नाही म्हणून आजार नाही, असं म्हणणारी गल्ली आणि दिसलं म्हणून चमत्कार, असं म्हणणारी गल्ली ही एकच गल्ली आहे. पहिल्या चुकीनं माणूस एकटा पडतो आणि दुसऱ्या चुकीवर बुवांचं पोट भरतं. डोळे उघडे ठेवा, बोट बुडवून चाखा, पूड कधी लावतात आणि कधी लावत नाहीत ते बघा. आणि घरातलं कुणी मला बरं वाटत नाही म्हणालं तर आधी त्याचं ऐका, मग त्याला डॉक्टरकडे न्या. हे सांगून सांगून तोंडाला फेस येतो. परवाच कळलं, चार गल्ल्या पलीकडे कुणीतरी अंडं कानाशी धरून त्यातून भीती काढून दाखवतो. थोरलीनं कपाळाला हात लावला.

हौदावर आता रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी अण्णा धाकट्यासमोर येऊन उभे राहतात. त्यांना अजून ते नीट जमत नाही, पण विचारतात.

"आज कसं आहे?"

"आज जड आहे," धाकटा त्या दिवशी म्हणाला.

अण्णांनी त्याचं कपाळ चाचपलं नाही, त्याला उजेडाकडे वळवून बघितलं नाही. त्याच्या हातातली काठी घेतली, थोरलीकडे दिली आणि पायात चपला सरकवल्या. "चल," ते म्हणाले, "आधी चालून येऊ."